जवळच्या प्रवासाची प्रतिष्ठा

कोणत्याही देशाच्या रेल्वेची थोरवी सांगावयाची झाली म्हणजे तिची सर्वांत वेगवान गाडी कोणती, याचीच चौकशी करण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. परंतु त्या देशातील सामान्य मनुष्यास सकाळी घर सोडून दहा-वीस कोसांवरच्या गावी कामास जावयाचे आणि दिवेलागणीस परत यावयाचे असता, त्याला गाडी किती भाड्यात, किती भरवशाने आणि किती सन्मानाने मिळते, हा प्रश्न मला अधिक कसोटीचा वाटतो. लांबच्या प्रवासाला मनुष्य वर्षातून एखाद्या वेळी निघतो आणि त्याची तयारी आठ दिवस आधीपासून करतो. जवळचा प्रवास मात्र त्याच्या उपजीविकेचाच भाग असतो आणि त्यातील गैरसोय त्याला रोज नव्याने सोसावी लागते. म्हणून जवळच्या प्रवाशास राष्ट्राने कसे वागविले, यावरून त्या राष्ट्राने आपल्या कष्टकरी माणसाची काय किंमत केली आहे, हे पुष्कळसे कळून येते.

हा विषय आज मांडण्याचे कारण फार जुने नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशभरच्या प्रवासी गाड्या बंद करण्यात आल्या, आणि पुढे त्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजर गाड्यांना ‘विशेष’ गाड्या ठरवून त्यांना एक्सप्रेसचे भाडे लावण्यात आले. ज्या प्रवासाला किमान १० रुपये पडत असत, त्याला ३० रुपये पडू लागले. फेब्रुवारी २०२१ मध्ये रेल्वे खात्याने याचे जाहीर समर्थन करताना असे सांगितले की, गर्दी होऊ नये आणि लोकांनी टाळता येण्याजोगा प्रवास करू नये, म्हणून अल्प अंतराच्या गाड्यांचे भाडे किंचित अधिक ठेवले आहे. साथ ओसरली, परंतु भाडे काही लगेच ओसरले नाही. ते पूर्ववत होण्यास फेब्रुवारी २०२४ ची अखेर उजाडावी लागली. साथीच्या दिवसांत गर्दीची धास्ती रास्तच होती, आणि त्या काळी कारभार हाकणाऱ्यांवर केवढे दडपण होते, याची जाणीव मला आहे. तथापि, जवळचा प्रवास तेवढा टाळता येण्याजोगा आणि दूरचा मात्र निकडीचा, ही जी समजूत त्या हुकुमाच्या मुळाशी होती, ती साथीपुरती नव्हती. ती आपल्या कारभारात फार पूर्वीपासून मुरलेली आहे, आणि माझा वाद तिच्याशीच आहे.

वास्तविक आपल्या देशातील रेल्वेचा जन्मच जवळच्या प्रवासातून झालेला आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत, म्हणजे अवघे ३४ किलोमीटर गेली. पुढे ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या मार्गावर विजेची गाडी धावू लागली, आणि त्या लोकल गाडीच्या आधारावरच मुंबापुरीचा आजचा विस्तार उभा राहिला. गिरणगावातला कामगार, फोर्टातला कारकून, डहाणू-पालघरची भाजीवाली आणि कल्याण-अंबरनाथची शिक्षिका यांना एका शहराचे नागरिक बनविण्याचे कार्य या लोकलने केले. मुंबईच्या लोकलमध्ये जीवघेणी गर्दी होते, हे खरे; परंतु त्या गर्दीतल्या मनुष्याला पास मिळतो, वेळापत्रक मिळते, आणि गाडी अर्धा तास रखडली तर त्याची वार्ता दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत येते. मुंबईच्या हद्दीबाहेर मात्र याच प्रवाशाची ही प्रतिष्ठा नाहीशी होते.

आम्हां धडगावकरांना ही गोष्ट विशेष तीव्रतेने जाणवते. सातपुड्याच्या कुशीत वसलेले हे अक्राणी तालुक्याचे ठिकाण. उत्तरेस नर्मदेचे खोरे, चोहोंकडे डोंगरांच्या रांगा, आणि पाड्यापाड्यांवर विखुरलेली पावरा व भिल्ल बांधवांची वस्ती. येथे रेल्वे नाही आणि या डोंगरांवर ती आणावी, असा हट्टही कोणी धरीत नाही. परंतु धडगावचे रेल्वे स्टेशन कोणते, असे कोणी विचारले तर नंदुरबार हेच उत्तर द्यावे लागते. आणि तेथवर जावयाचे म्हणजे चांदसैलीचा घाट उतरून तळोद्यास यावे, तेथून तापी ओलांडून नंदुरबार गाठावे. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली म्हणजे हा मार्ग खुंटतो, एरवीही एस.टी. चुकली तर जीप किंवा पिकअप यांचाच आसरा उरतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांचे वाहन याच घाटात उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले. सार्वजनिक वाहन जेथे वेळेवर आणि पुरेसे मिळत नाही, तेथे गरिबाला आपला जीव मालवाहू गाडीच्या हौद्यात बसवून न्यावा लागतो, हा त्या दुर्घटनेचा अर्थ आपण विसरता कामा नये.

दिवाळी आटोपली की या तालुक्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन दक्षिण गुजरातेतील उसाच्या फडांवर जातात. कोणी वीटभट्टीवर, कोणी सुरतेच्या बांधकामावर, कोणी सौराष्ट्रातल्या शेतमळ्यांवर. होळीच्या आधीच्या भोंगऱ्या बाजाराला आणि होळीला पुन्हा गावी यावयाचे, ही त्यांची वर्षाची परिक्रमा. यांतील पुष्कळांना मुकादमाच्या ट्रकने नेले जाते. परंतु जे स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या पैशांनी जातात, त्यांचा मार्ग नंदुरबारच्या फलाटावरून सुटणाऱ्या पॅसेंजर वा मेमू गाडीचाच असतो. खांडबारा, नवापूर, उकाई सोनगड, व्यारा, बारडोली, चलथान, उधना, सुरत ही स्टेशनांची माळ आमच्याकडच्या मजुराला तोंडपाठ असते. तोच मार्ग नवापूरहून नंदुरबारच्या महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याचा, तोच सुरतेच्या रुग्णालयात आप्ताला घेऊन निघालेल्या कुटुंबाचा. हीच आमची लोकल.

आणि ही लोकल त्यांना परमुलखात नेते. घरी पावरी किंवा भिलोरी, शाळेत मराठी, बाजारात अहिराणी आणि हिंदी, अशा भाषांतून वाढलेला तरुण काही तासांत गुजराती पाट्यांच्या, निराळ्या राज्याच्या, निराळ्या रेशन-दप्तराच्या आणि निराळ्या कचेऱ्यांच्या प्रदेशात उतरतो. तापीच्या खोऱ्यातला हा लोहमार्ग ताप्ती व्हॅली रेल्वे कंपनीने घातला आणि १९०० च्या सुमारास सुरतेहून अमळनेरपर्यंत गाडी धावू लागली, त्या वेळी ही हद्द अस्तित्वातच नव्हती. मुलूख काही मुंबई इलाख्याचा, तर काही बडोदे संस्थानाचा होता. १ मे १९६० रोजी द्विभाषिक राज्याचे विभाजन झाले, नवापूर, नंदुरबार, तळोदे आणि अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेकडे गेली, आणि जी रेघ नकाशावर ओढली गेली ती नेमकी नवापूरच्या स्टेशनातून गेली. आजही त्या स्टेशनाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे. तिकिटाची खिडकी एका राज्यात तर स्टेशनमास्तरची कचेरी दुसऱ्या राज्यात आहे. आणि तेथील घोषणा हिंदी, इंग्रजी, मराठी व गुजराती अशा चार भाषांत होतात. लोक हे स्टेशन कौतुकाने पाहतात आणि सीमेवरच्या बाकावर बसून छायाचित्रे काढतात. परंतु या स्टेशनाचे खरे महत्त्व त्या बाकात नाही. हद्दीच्या दोन्ही बाजूंना ज्यांचे जीवन पसरलेले आहे अशा माणसांचे ते स्टेशन आहे, यात ते आहे.

असे स्टेशन जगात एकटे नाही. स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात बाडिशर बानहोफ नावाचे स्टेशन स्विस भूमीवर उभे आहे, परंतु ते चालविते जर्मन रेल्वे. १८५२ मध्ये बाडेन संस्थान आणि स्वित्झर्लंड यांच्यात झालेल्या कराराने ही व्यवस्था मुक्रर झाली आणि दोन महायुद्धांनंतरही ती टिकून आहे. जर्मनीतल्या वीझे नदीच्या खोऱ्यातून निघालेली लोकल तेथून पुढे बाझेलच्या मुख्य स्विस स्टेशनापर्यंत जाते, आणि प्रवासी एका देशात न्याहारी करून दुसऱ्या देशात कामावर रुजू होतो. जिनिव्हा शहराचे उदाहरण याहूनही बोलके आहे. त्या शहरात लाखाहून अधिक माणसे शेजारच्या फ्रान्समधून कामास येतात. रुग्णालयातील परिचारिका, दुकानातील विक्रेते, बांधकामावरील गवंडी यांचा त्यांत भरणा असतो. जिनिव्हा आणि फ्रान्समधील आनमास ही गावे रेल्वेने जोडण्याचा ठराव १९१२ मध्येच झाला होता; तो अनेक दशके दप्तरात पडून राहिला, आणि अखेर १५ डिसेंबर २०१९ रोजी लेमाँ एक्सप्रेस या नावाने ती गाडी सुरू झाली. जोडणारा नवा मार्ग जेमतेम १६ किलोमीटरांचा. परंतु त्याच्या योगाने दोन देशांतील २३० किलोमीटरांचे आणि ४५ स्थानकांचे एक जाळे सिद्ध झाले. त्या मार्गावरील एक भुयारी स्टेशन मुद्दाम जिनिव्हाच्या मोठ्या रुग्णालयापाशी ठेवलेले आहे. ज्यांच्या श्रमांवर शहर चालते त्यांना शहरापर्यंत आणण्याची जबाबदारी शहराची आहे, हे तत्त्व त्या १६ किलोमीटरांनी मान्य केले.

सुरत शहर आणि दक्षिण गुजरातेतील साखर कारखाने सातपुड्याच्या श्रमांवर किती अवलंबून आहेत, हे त्या भागात सर्वांना ठाऊक आहे. मग जिनिव्हाने जे आपल्या परदेशी कामगारासाठी केले, ते एकाच राष्ट्राच्या दोन राज्यांना आपल्याच नागरिकासाठी का करता येऊ नये? तेथे दोन सार्वभौम देश, दोन चलने आणि दोन कायदेसंहिता एकत्र आणाव्या लागल्या. येथे तर रूळ एक, रेल्वे एक आणि रुपयाही एक आहे. उधना ते जळगाव या सुमारे ३०७ किलोमीटरांच्या मार्गाचे दुपदरीकरण २०१८ मध्ये पूर्ण झाले आहे आणि त्यावर विजेवर गाड्या धावतात. म्हणजे मुख्य भांडवली खर्चही होऊन चुकला आहे. उणीव आहे ती जवळच्या प्रवाशाला केंद्रस्थानी ठेवण्याच्या निश्चयाची.

या निश्चयाचे स्वरूप काय असते, हे पाहण्यासाठी पुन्हा स्वित्झर्लंडकडेच वळावे लागते, कारण तोही डोंगराळ देश आहे आणि त्याच्या अडचणी आम्हांला परक्या वाटत नाहीत. २३ मे १९८२ पासून तेथे देशभर असे वेळापत्रक लागू झाले की, दर तासाला, तासाच्या त्याच मिनिटाला गाडी सुटावी. नऊ वाजून दहा मिनिटांनी गाडी असेल तर दहा, अकरा आणि बारा वाजून दहा मिनिटांनीही ती असावी. यामुळे निरक्षर मनुष्यासदेखील वेळापत्रक मुखोद्गत झाले. पुढे १९८७ मध्ये या पद्धतीच्या विस्तारासाठी जनतेने मतदानाने मोठा खर्च मंजूर केला. आणि त्यात योजकांनी जे तत्त्व धरले ते ध्यानात घेण्यासारखे आहे: एखाद्या गाडीचा वेग कमाल किती वाढवावा हे महत्त्वाचे नव्हे, तर जोडगाडी चुकू नये इतपत ती वेगाने पोचली पाहिजे. या व्यवस्थेला पूरक म्हणून टपाल खात्यातून जन्मलेली पिवळी बस तेथे डोंगरातल्या खेड्यांत जाते. १९०६ मध्ये सुरू झालेली ही सेवा आजही गाडीच्या वेळेशी आपली वेळ जुळवून घेते, आणि खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईला घराजवळून निघून थेट शहराच्या फलाटापर्यंत जाण्याची हमी देते.

आमची एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर प्रथम धावली, आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांवर तिने केलेले उपकार कोणाला नाकारता येणार नाहीत. धडगावची एस.टी. हा आमच्या तालुक्याचा प्राण आहे. परंतु एस.टी.चे वेळापत्रक एका कचेरीत ठरते आणि रेल्वेचे दुसऱ्या. दोघांचा एकमेकांशी पत्रव्यवहारही होत असेल असे प्रवाशाला कधी जाणवत नाही. घाट उतरून आलेला प्रवासी स्टेशनावर पोचावा आणि पॅसेंजर नुकतीच सुटून गेलेली असावी, किंवा रात्रीच्या गाडीने उतरलेल्या बाई-माणसाला पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत मुलाबाळांसह फलाटावर पडून राहावे लागावे, हे केवळ वेळापत्रकांच्या फटकून वागण्याचे फळ आहे. ते टाळण्यासाठी पूल बांधावा लागत नाही की बोगदा खोदावा लागत नाही. दोन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी एका मेजाभोवती बसून दोन कागद जुळवावेत, एवढेच लागते.

जपानमध्ये लोकल गाडी थोडी जरी उशिरा आली तरी रेल्वे प्रवाशाला विलंबाचा दाखला देते, आणि तो दाखला शाळेत वा कामाच्या ठिकाणी दाखविला म्हणजे उशिराचा दोष प्रवाशाच्या माथी येत नाही. टोकियोतील यामानोते मार्ग अवघ्या ३४.५ किलोमीटरांचा, म्हणजे आपल्या बोरीबंदर-ठाणे मार्गाएवढाच. परंतु त्या वर्तुळावर फिरणाऱ्या साध्या गाडीचा मिनिटामिनिटाचा हिशोब तेथे ठेवला जातो. आपल्याकडे एक्सप्रेसला वाट देण्यासाठी पॅसेंजर तासन्‌तास बाजूच्या रुळावर उभी करणे हा नित्याचा प्रघात आहे. त्या डब्यात बसलेल्या मजुराचा अर्धा रोज बुडाला तर त्याची भरपाई राहोच, साधी नोंदसुद्धा कोणत्याही दप्तरात होत नाही. वेगवान गाडीतल्या प्रवाशाचा वेळ मौल्यवान आणि पॅसेंजरमधल्या प्रवाशाचा वेळ फुकट, असा हा अलिखित कायदा आहे, आणि लोकशाही राज्यात तो असू नये.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्षिण्यासारखा नाही. जवळच्या गाड्या तोट्यात चालतात, त्यांच्या तिकिटांतून खर्च भरून निघत नाही, आणि मालगाड्या व लांबच्या गाड्या यांच्या उत्पन्नावरच हा भार वाहावा लागतो, असे रेल्वेचे जाणते अधिकारी सांगतात. हा हिशोब खरा आहे. परंतु हाच हिशोब लक्झेंबर्गपुढेही होता, आणि त्या लहानशा देशाने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशांतर्गत सार्वजनिक वाहनांतील सामान्य वर्गाचा प्रवास सर्वांना विनामूल्य केला; तो भार सार्वजनिक तिजोरीवर घेतला. श्रीमंत देशाचे उदाहरण आपल्याला लागू नाही, असे कोणी म्हणेल, म्हणून घरचेच एक स्मरण देतो: २००९ मध्ये आपल्याच रेल्वेने, ज्यांचे मासिक उत्पन्न १५०० रुपयांहून अधिक नाही अशा गरिबांसाठी, २५ रुपयांत १०० किलोमीटरांपर्यंतचा महिन्याचा पास देणारी ‘इज्जत’ योजना सुरू केली होती. त्या योजनेचे नावच सांगते की हा प्रश्न सवलतीचा नसून मानाचा आहे, हे आपल्याही राज्यकर्त्यांना एके काळी उमगले होते. रस्ता बांधून त्यातून नफा किती झाला असे आपण विचारीत नाही, शाळेचा ताळेबंद मांडून ती बंद करीत नाही. मग मजुराला कामापर्यंत, रुग्णाला रुग्णालयापर्यंत आणि मुलीला महाविद्यालयापर्यंत नेणाऱ्या गाडीलाच तेवढी नफ्यातोट्याची तागडी का लावावी? शिवाय जो मनुष्य स्वतःच्या तिकिटाने, स्वतःच्या वेळेने कामावर जाऊ शकतो, तो मुकादमाच्या उचलीचा आणि ट्रकचा तेवढा बांधील राहत नाही. गाडीच्या तोट्यात हा लाभ मांडला जात नाही, पण तो मांडला गेला पाहिजे.

तेव्हा आमची मागणी अवास्तव नाही. नंदुरबार स्टेशनावर थांबणाऱ्या पॅसेंजर आणि मेमू गाड्यांच्या वेळा ध्यानात घेऊन धडगाव, मोलगी, शहादे, तळोदे व अक्कलकुवा येथील एस.टी.च्या फेऱ्या ठरवाव्यात, आणि एस.टी. व रेल्वे या दोन्हींचे मिळून एकच तिकीट धडगावच्या बसस्थानकावर मिळण्याची तजवीज करावी. दिवाळीनंतरचे आणि होळीच्या आधीचे पंधरवडे हे आमच्या प्रदेशातील मोठ्या स्थलांतराचे काळ आहेत. उत्तर भारतात छठपूजेसाठी जशा जादा गाड्या सुटतात तशा या पंधरवड्यांत सुरत-नंदुरबार मार्गावरही सुटाव्यात, आणि त्यांना साधेच भाडे असावे. नवापूरच्या फलाटावर चार भाषा नांदतात, तर नंदुरबार, नवापूर आणि व्यारा येथे पावरी व भिलोरी बोलींतही घोषणा व्हाव्यात, कारण ज्या प्रवाशांसाठी त्या घोषणा आहेत त्यांतील पुष्कळांची मातृभाषा यांपैकीच एक आहे. पॅसेंजर रखडली तर तिचा विलंब आणि त्याचे कारण यांची नोंद जाहीरपणे लावावी. आणि कोणत्याही आपत्तीत, कोणत्याही निमित्ताने, जवळच्या प्रवासाचे भाडे वाढवून प्रवाशाला घरी बसविण्याचे धोरण पुन्हा स्वीकारले जाणार नाही, असे अभिवचन संसदेने द्यावे.

नंदुरबारचा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला, तो राज्यकारभार आदिवासी मुलखाच्या जवळ यावा या हेतूने. कचेरी जवळ आली. आता त्या कचेरीपर्यंत, कामापर्यंत आणि शेजारच्या राज्यापर्यंत जाण्याची वाटही सुकर झाली पाहिजे. सातपुड्यातल्या मजुराचा प्रवास लहान अंतराचा असेल, परंतु तो त्याच्या पोटाचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि आजारी माणसाच्या औषधाचा प्रवास आहे. देशात याहून निकडीचा प्रवास दुसरा नाही, आणि रेल्वेच्या प्रत्येक वेळापत्रकात त्याला पहिली जागा मिळाली पाहिजे.